खाली आहे.

मास्तरांच्या दारावरच्या पाटीत व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. एखादी वेलांटी चुकली असती तर लोक हसले असते आणि आपापल्या कामाला लागले असते. शुद्ध लिहिलेलं माणसं खरं मानतात, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

मास्तरांची बायको थंडीच्या दिवसांत गेली. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं, एकट्याचं ताट एकट्यानं विसळलं, की मास्तर घराला कुलूप लावून तिसऱ्या मजल्यावरून उतरत आणि तळमजल्यावर टपालाच्या पेट्यांशेजारी खुर्ची टाकून बसत. दिवेलागणीला वर जात. पेपर वाचत म्हणावं तर पेपर सकाळीच वाचून झालेला असे. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत म्हणावं, तर मास्तर बोलायला लागले की समोरच्याच्या वाक्यात चुका काढत, त्यामुळे येणारेजाणारे जरा घाईतच असत. लोकांना वाटे, म्हातारा वाऱ्याला बसतो. तिथे वारा अजिबात येत नसे.

एके दुपारी लेकीनं पाठवलेली औषधं घेऊन कुरियरवाला आला, दाराला कुलूप पाहून परत गेला आणि तसं त्यानं लेकीला कळवलं. लेकीनं फोन लावला. फोन मास्तरांनी नेहमीप्रमाणे वर उशाशी ठेवलेला. दहादा वाजून त्यानं मान टाकली. लेक घाबरली. कुलूप बाहेरून आहे एवढी साधी गोष्ट तिच्याही लक्षात आली नाही आणि तिनं ज्यांना फोन केला त्या सोसायटीच्या चिटणीसांच्याही आली नाही. चिटणीस सुतार घेऊन मागच्या जिन्यानं वर गेले. ठोकाठोकी ऐकून मास्तरही काय झालं ते बघायला चढून आले, आणि गर्दीच्या मागे उभे राहून त्यांनी विचारलं, "कोणाचं दार फोडताय?"

"मास्तरांचं," सुतार मागे न बघता म्हणाला. "आत पडलेत."

"अरेरे," मास्तर म्हणाले. मग त्यांना तो मास्तर कोण ते कळलं.

दार नवीन बसलं, पण लेकीचा धीर गेला तो गेलाच. "बाबा, आता पुरे," ती फोनवर म्हणाली. "पुढच्या वेळी तुम्ही जागेवर सापडला नाहीत ना, तर मी काही ऐकून घेणार नाही. गाडी घेऊन येईन आणि तुम्हाला इकडे आणीन."

लेक वाईट नव्हती. जावई तर इतका चांगला, की त्याच्याविषयी कुरकुर करायची म्हटलं तरी काही सापडत नसे. पण मास्तरांना आपलं घर सोडायचं नव्हतं. त्या दोन खोल्यांत असं काय आहे, हे त्यांना धड सांगता आलं नसतं. मात्र त्या सुटल्या तर आपलं काही खरं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चिटणीस म्हणाले, "मास्तर, कुठे असता ते दारावर लिहून ठेवत जा. दर वेळी सुतार कुठून आणू?"

सूचना बरी होती. मास्तरांनी जाड पुठ्ठा घेतला, बोरू तासला आणि मजकुराचा विचार करायला बसले. 'मी खाली बसलेलो आहे' हे पहिलं वाक्य त्यांनी पाल्हाळ म्हणून खोडलं. बसलोय की उभा आहे याच्याशी वाचणाऱ्याला काय करायचंय? 'मी खाली आहे' हे बरं होतं. पण दार ज्याचं, कर्ता तोच. स्वतःच्या दारावर 'मी' लिहिणं म्हणजे स्वतःच्या अंगरख्यावर 'अंगरखा' लिहिणं. कर्ता अध्याहृत ठेवावा. मास्तरांनी 'मी' काढून टाकला आणि सुरेख, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'खाली आहे.' पूर्णविराम दिला. पाटी दारावर लावून ते दोन पावलं मागे सरकले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना थोडं बरं वाटलं.

दुसऱ्याच दुपारी एक जोडपं जिना चढून वर गेलं आणि लगेच उतरून खुर्चीसमोर येऊन उभं राहिलं.

"तिसरे मजलेपे खाली है ना?" गृहस्थांनी अदबीनं विचारलं.

"आहे ना," मास्तर म्हणाले. "हा काय, समोर."

"कब से खाली है?"

"रोज जेवण झालं की."

गृहस्थ जरा घुटमळले. "और कब तक खाली रहेगा?"

"दिवे लागेपर्यंत. थंडी असली तर थोडं लवकर उरकतो."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन गोड आवाजात म्हणाल्या, "हम अंदर से देख सकते हैं?"

मास्तर खुर्चीत ताठ झाले. "आतून? तुम्ही डॉक्टर आहात का? लेकीनं पाठवलंय?"

हे लोक घर भाड्यानं शोधताहेत, आणि 'खाली' म्हणजे 'रिकामं' समजताहेत, हा उलगडा व्हायला बराच वेळ गेला. झाल्यावर मात्र मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. मराठीत 'खाली' हे अव्यय, हिंदीत ते विशेषण. मराठीत ते नामाला चिकटलं की नामाचं सामान्यरूप होतं, 'झाड'चं 'झाडा' होतं आणि मग 'झाडाखाली'. हिंदीतल्या 'खाली'ला असला काही त्रास नाही, ते आपलं रिकाम्या हातानं कुठेही फिरतं. तो शब्द अरबांकडून आला, आणि आपला आपल्याच मातीतला. दोघं मख्ख चेहऱ्यानं ऐकत होती. जाताना त्यांनी मास्तरांना नमस्कार केला आणि पाटीचा फोटो एका दलालाला पाठवून दिला.

इकडे पाणीवाल्यानं पाटी वाचली. हा माणूस दर आठवड्याला पिण्याच्या पाण्याचा एक मोठा जार दारात ठेवून जात असे. 'खाली आहे' वाचून त्याला वाईट वाटलं. म्हातारा तहानेनं व्याकूळ होऊन पाटी लावतो म्हणजे काय! त्यानं एक भरलेला जार ठेवला. दुसऱ्या दिवशी पाटी तशीच, म्हणून आणखी एक. जार भरलेला आहे की नाही हे त्यानं हलवून पाहिलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याचा लिखित शब्दावर विश्वास होता. आठवडाभरात तिसऱ्या मजल्याचा सगळा सज्जा जारांनी भरला आणि समोरच्या बेनना घराबाहेर पडताना आडवं होऊन निघावं लागू लागलं.

बेन मूळच्या गुजराती. स्वभावानं प्रेमळ, पण त्यांच्या भाषेत पायाला मुंग्या येण्याला 'खाली चढली' म्हणतात. त्या तेलाची वाटी घेऊन थेट तळमजल्यावर उतरल्या.

"मास्तर, कोणत्या पायाला?"

"काय कोणत्या पायाला?"

"खाली हो. दारावर लिवलंय नी तुमी. इतकी चढली की पाटी लावायला लागली? सांगायचं नाय का शेजारी?"

मास्तरांनी पुन्हा अव्यय, विशेषण, सामान्यरूप सगळं सांगितलं. बेननी शांतपणे ऐकलं आणि तेलाची वाटी त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "लावून बघा तरी. एवढं बोलता म्हणजे डोक्यापर्यंत गेली असंल."

चौथ्या मजल्यावरचे दादा बंगाली. ते देवनागरी अक्षरं लावून लावून वाचत आणि वाचलेल्याचा फार विचार करत. एका संध्याकाळी ते खुर्चीशी थांबले. "मास्टारमोशाय, आमच्याकडे 'खालि' म्हणजे रिकामं, होय. पण आमी जास्त करून 'फक्त' म्हणूनच बोलतो. मी रोज तुमची पाटी वाचतो. 'फक्त आहे.' पुढे काय?"

"पुढे काही नाही."

"वाक्य संपलं?"

"पूर्णविराम दिलाय ना."

"फक्त आहे," दादा म्हणाले, आणि बराच वेळ मास्तरांकडे बघत राहिले. मग त्यांनी एक सुस्कारा सोडला, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना चढून गेले. मास्तरांना हा सगळा प्रकार अत्यंत अपमानास्पद वाटला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

चिटणीसांनी जारांबद्दल लेखी तंबी दिली आणि वर तोंडी सल्लाही दिला. "मास्तर, 'नीचे हूँ' लिहा नाहीतर 'तळमजल्यावर' लिहा. विषय संपवा."

"का म्हणून? शब्द बरोबर आहे."

"शब्द बरोबर असेल हो, पण सज्जा अडलाय."

मास्तरांना तो शब्द बदलायचा नव्हता. माणूस म्हातारा झाला की त्याच्याकडे बरोबर असलेल्या गोष्टी फार थोड्या उरतात. पण रात्री अंथरुणावर त्यांना एकदम आठवलं: जुन्या लेखनात हा शब्द अनुस्वारानं लिहीत. 'खालीं.' तेव्हा रिकामा तो 'खाली' आणि तळाचा तो 'खालीं', असा रोखठोक कारभार होता. पुढे शहाण्यांनी उच्चार होत नाही म्हणून टिंबं काढून टाकली. त्या टिंबांवर किती घरं उभी होती, याचा विचार कोणी केला नाही. सकाळी उठल्या उठल्या मास्तरांनी पाटीवर एक ठसठशीत अनुस्वार दिला आणि 'आता या' अशा नजरेनं जगाकडे पाहिलं.

दुपारी दलाल आला. हा पांढऱ्या बुटांचा, हसतमुख माणूस. त्यानं आधीच पहिल्या फोटोवरून इंटरनेटवर जाहिरात टाकली होती. आता टिंब बघून त्याचे डोळे चमकले. त्याच्या हिशेबानं एक बाई 'गयी' आणि अनेक बाया 'गयीं'. एक 'थी' आणि अनेक 'थीं'. टिंब म्हणजे अनेकवचन. तेव्हा एक 'खाली' आणि अनेक 'खालीं'.

"क्या बात है, मास्टरजी! एकसे ज्यादा खाली हो गए?" असं म्हणून त्यानं संध्याकाळपर्यंत चार कुटुंबं आणून उभी केली. त्यातल्या एकानं दादांचं दार वाजवून, दादा कधी सोडताय, असं विचारलं. दुसऱ्या कुटुंबातल्या आजीबाई बेनच्या स्वयंपाकघरात शिरून ओट्याची उंची बघून आल्या. त्या दिवसापासून तेलाची वाटी बंद झाली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मास्तरांनी निभावून नेलं असतं. पण एका संध्याकाळी ते वर गेले, बटण दाबलं आणि दिवा लागला नाही. शेजारी उजेड, वरती उजेड, आणि मास्तरांकडे मिट्ट काळोख. वीज कंपनीचा माणूस मीटर बघायला आला होता. त्यानं पाटी वाचली, वापराचा आकडा पाहिला आणि घर रिकामं म्हणून जोडणी बंद केली.

मास्तर वीज कंपनीच्या कचेरीत गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर, तिथून पुन्हा पहिल्याच खिडकीवर, असा रीतसर प्रवास झाल्यावर एका चष्मेवाल्या बाईंनी त्यांच्यापुढे कागद सरकवला. "अर्ज भरा. इथे खाली सही करा."

मास्तर उजळले. "बघा! तुम्हीसुद्धा 'खाली' म्हणालात. कोणत्या अर्थानं म्हणालात?"

"अहो ती खाली जागा दिसतेय ना? तिथे."

मास्तर त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. ती कागदाच्या तळाशी होती आणि तिच्यात काही लिहिलेलंही नव्हतं. बाईंचं वाक्य कोणत्या अर्थी बरोबर होतं हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी निमूटपणे सही केली.

"वापर जवळजवळ नाहीच तुमचा," बाई संगणकात बघत म्हणाल्या. "असं कसं?"

"दुपारभर मी घरात नसतो. संध्याकाळी गेलो की लवकर पडतो."

"दुपारी कुठे असता?"

"खाली."

"आणि घरात दुसरं कोण असतं?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "कोणी नसतं," ते म्हणाले.

"मग घर खालीच असतं की, आजोबा," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात काही खोच नव्हती. आलेल्या उत्तरांवरून जे निघतं ते त्यांनी सांगितलं. मास्तरांनी आयुष्यभर हजारो वाक्यं तपासली होती. या वाक्यात त्यांना कुठेही बोट ठेवता आलं नाही.

आमचा माणूस उद्या दुपारी पाहणीला येईल, तुम्ही घरातच थांबा, असं सांगून बाईंनी त्यांना वाटेला लावलं. मास्तर दुसऱ्या दिवशी जेवून घरात बसले. खरोखर निश्चय करून बसले. पण थोड्याच वेळात आपण स्वयंपाकघराच्या दारात उभे आहोत आणि आत वाकून "टपाल आलंय का बघून येतो गं" असं म्हणतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. आत ओट्यावर उन्हाचा पट्टा पडला होता आणि नळाखाली कालचं पातेलं होतं. मास्तरांनी कुलूप घेतलं आणि ते उतरून आले. खुर्चीवर बसल्यावर कोणीतरी त्यांना तिसरा मजला कुठे म्हणून विचारलं. "वर," ते म्हणाले. हा पाहणीवालाच होता हे त्यांना उमगेपर्यंत तो वर जाऊन, कुलूप आणि पाटी बघून, खाली येऊन फाटकाबाहेर पडलाही होता. मास्तर "अहो, अहो" करत रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले.

रविवारी लेक आली. गाडीतून आधी जावई उतरला, मग खोकी उतरली. मोठी, लहान, पुस्तकांची, भांड्यांची. लेकीनं आल्या आल्या बापाला मिठी मारली. तिचे डोळे भरलेले होते.

"बाबा, जाहिरातीत तुमचं अक्षर दिसलं. दोनदा वाचलं. म्हटलं, शेवटी पटलं तुम्हाला. मला फोन करून सांगायला जड गेलं असेल, म्हणून काही विचारलंही नाही. सरळ आले."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. पाणीवाला ठीक आहे. दलाल ठीक आहे. "तुला 'खाली' म्हणजे काय ते कळत नाही?" ते म्हणाले. "माझ्या मुलीला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, पाटीपासून पाहणीपर्यंत. सांगताना त्यांचा आवाज दोनदा चढला आणि एकदा बसला. जावई खोकं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. लेक जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती हसेल असं जावयाला वाटलं होतं. ती हसली नाही.

"म्हणजे या घरासाठी तुम्ही सगळ्यांशी भांडताय, अर्ज करताय, काळोखात राहताय," ती म्हणाली. "मग त्या घरात बसत का नाही तुम्ही?"

मास्तर वर्गात शिकवताना बोलत तसे, समोर बघून बोलले.

"'खाली' हा शब्द एकटा उभा राहत नाही. वर काहीतरी असावं लागतं, तेव्हाच खाली म्हणता येतं. मी इथे बसतो ना, तेव्हा मी टपाल बघायला उतरलेलो असतो. आणि ती वर असते." ते थांबले. "घरात बसलं की ती नसते. इथे बसलं की वर असते. तुझ्या घरी आलो तर मी कशाच्या खाली बसू?"

बेन भाजी घेऊन येत होत्या, त्या फाटकातच थबकल्या. थोड्या वेळानं लेकीनं पदरानं नाक पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "खोकी गाडीत ठेव."

जाण्याआधी तिनं बरंच काही केलं. वीज कंपनीत ओळख काढली, दलालाला फोनवर झाडला, जार परत पाठवले, आणि पाटी काढून तिथे स्वतःच्या हातानं 'मी तळमजल्यावर बसलो आहे' अशी लांबलचक पाटी लावली. मास्तरांनी ती सहन केली. जाताना ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "राहा बाबा इथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही."

म्हणजे मास्तर जिंकले. दुसऱ्या दिवशी जेवण झालं, ताट विसळलं, कुलूप लावलं आणि ते उतरून खुर्चीत बसले. नेहमीसारखी दुपार होती. कोणी पत्ता विचारला नाही, कोणी तेल आणलं नाही. मास्तरांनी पाय लांब केले आणि वाट पाहिली. एरवी थोडा वेळ गेला की वर भांडं ठेवल्यासारखा आवाज व्हायचा. तो कुठल्याही घरातून येत असे. मास्तर तो आपल्या घराला लावून घेत. आजही आवाज झाला. तो बेनच्या घरातून आला होता, हे त्यांना स्वच्छ कळलं.

जिन्याच्या पोकळीतून त्यांनी वर पाहिलं. कठडा दिसला, त्याच्या वरचा कठडा दिसला. वर कोणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन बंद खोल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशीही बसून पाहिलं, नंतरही पाहिलं. मनात होतं तोवर चालत होतं ते एकदा तोंडानं बोलून दाखवल्यावर चालेनासं झालं, आणि यात लेकीचा काही दोष नव्हता. तिनं विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं, एवढंच झालं होतं.

आठवडा संपता संपता मास्तर दुपारीच उठून वर गेले. दिवे आले होते. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी उशाजवळचा फोन उचलला.

"खोकी टाकून दिलीस का गं?"

"नाही बाबा. माळ्यावर आहेत. का?"

"घर खाली करायचं म्हणतो."

लेकीनं चौथीत असताना याच अर्थानं याच शब्दाचा वापर केला म्हणून त्यांनी तिला, पोटच्या पोरीला, वर्गाबाहेर उभं केलं होतं. आत आल्यावर पाटीभर 'रिकामं' लिहून घेतलं होतं. ती आज त्यांना चूक दाखवू शकली असती.

"रविवारी येते बाबा," ती म्हणाली.